रात्रीचा रस्ता नीट दिसावा म्हणून: हेडलाइटला हात लावण्याआधी

गळीत हंगाम सुरू झाला की आष्ट्याहून सांगलीला रात्री येताना माझा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून सुटतो. समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर आलेला असतो, तो सरकतो न सरकतो तोच पुढं उसाची टोकं दिसतात. आधी टोकं, मग ट्रॉली, मग तिच्या पुढची दुसरी ट्रॉली आणि सगळ्यात शेवटी ट्रॅक्टर. मागं लाल दिवा नसतो. रिफ्लेक्टर असला तरी शेतातल्या चिखलानं माखलेला असतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका ट्रॉलीमागं माझी गाडी जेमतेम दोन हातांवर थांबली. मागच्या सीटवर आई होती. घरी पोचेपर्यंत आम्ही दोघंही एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मी तेच केलं जे बहुतेक जण करतात. दुकानात गेलो आणि मूळचे तारेचे हॅलोजन बल्ब काढून पांढरेशुभ्र एलईडी बल्ब बसवून घेतले. दुकानदार म्हणाला, "सर, रात्रीचा दिवस होईल." त्या रात्री बोनेटपुढचा रस्ता खरंच दिवसासारखा उजळला. पण समोरून येणारी जवळजवळ प्रत्येक गाडी मला अप्पर मारत होती, आणि मी तर आधीच डिप्परवर, म्हणजे खाली झुकलेल्या झोतावर होतो. थोड्या वेळानं दुसरी गोष्ट ध्यानात आली, ती जास्त काळजीची होती. लांबचं मला पूर्वीपेक्षा कमी दिसत होतं.

आठवड्याभरात ते बल्ब काढले. मग ओळखीच्या एका वायरिंग मिस्त्रींकडं जाऊन बसलो. त्यांच्याकडं भिंतीवर झोत टाकून, टेपनं मोजून, मल्टिमीटर लावून जे शिकलो ते इथं सांगतो. तुमच्याही घरचं कुणी रात्री या रस्त्यांवर असतं, म्हणून सांगतो.

डिप्पर किती लांब दाखवतो?

छोट्या गाडीचा हेडलाइट जमिनीपासून साधारण ६५ सेंटिमीटर उंचीवर असतो. डिप्परचा झोत सरळ आडवा जात नाही. तो दर मीटरला सुमारे एक सेंटिमीटर खाली उतरेल असा झुकवलेला असतो. म्हणजे दहा मीटरवर तो दहा सेंटिमीटर खाली आलेला असतो आणि ६५ मीटरवर रस्त्याला टेकतो. झोताच्या वरच्या कडेला जी स्पष्ट रेघ दिसते तिला कटऑफ म्हणतात. रेघेखाली उजेड, रेघेवर अंधार. समोरच्या माणसाचे डोळे त्या अंधारात राहावेत म्हणून ती रेघ आहे.

आता वेगाचा हिशोब घालू. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर काहीतरी आहे हे कळून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला तर ३३ मीटर तिथंच संपले. पुढं कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी ३५ मीटर लागतात. बेरीज ६८. डिप्परचा प्रकाश ६५ ला संपला होता. ताशी ६० ला हीच बेरीज ४५ च्या आसपास येते. म्हणून हंगामात डिप्परवर असताना मी साठच्या वर जात नाही, दिवे कितीही चांगले असोत.

एक सोय मात्र गाडी बनवणाऱ्यांनी करून ठेवलेली असते. आपण डावीकडून चालतो, त्यामुळं आपल्याकडच्या दिव्यांची कटऑफ रेघ डाव्या बाजूला वर चढते. रस्त्याच्या डाव्या कडेनं चालणारा माणूस, मैलाचा दगड, कडेला उभी केलेली ट्रॉली यांच्यावर प्रकाश जास्त लांबून पडतो. ऑनलाइन स्वस्तात मिळालेला अख्खा हेडलाइट घेताना इथंच फसगत होते. उजवीकडून चालणाऱ्या देशासाठी बनवलेल्या दिव्यात ती रेघ उजवीकडं चढते, म्हणजे थेट समोरच्याच्या डोळ्यांत. युरोपीय मानकाप्रमाणं फक्त डावीकडच्या वाहतुकीसाठी बनवलेल्या दिव्याच्या काचेवर एक आडवा बाण असतो. दिव्यासमोर उभं राहून पाहिलं की तो आपल्या उजव्या हाताकडं तोंड करून असतो. घेण्याआधी तो बघून घ्या.

बल्बमधली छोटी वाटी

माझ्या गाडीत एच-४ बल्ब आहे, अनेक छोट्या गाड्यांत आजही तोच असतो. उडालेला एखादा बल्ब मिळाला तर खिडकीपाशी धरून बघा. आत तारेच्या दोन बारीक गुंडाळ्या दिसतील. पुढच्या गुंडाळीखाली धातूची एक छोटी वाटी असते, नखाएवढी. डिप्पर लावला की ही पुढची गुंडाळी पेटते. वाटीमुळं तिचा प्रकाश खाली जाऊ शकत नाही, तो फक्त रिफ्लेक्टरच्या, म्हणजे दिव्यातल्या आरशासारख्या वाडग्याच्या, वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून परतून रस्त्याकडं खाली येतो. वाटीची कड एका बाजूला तिरकी असते, त्यातूनच डावीकडं चढणारी रेघ तयार होते. अप्परला मागची गुंडाळी पेटते. तिच्याखाली वाटी नाही, म्हणून सगळा रिफ्लेक्टर उजळतो आणि झोत सरळ लांब जातो.

ही सगळी रचना ती गुंडाळी ठरलेल्या जागी असेल तरच चालते. जागा मिलिमीटरच्या अंशात ठरलेली असते. रिफ्लेक्टरचा प्रत्येक वक्र त्या एका ठिकाणाहून येणारा प्रकाश गृहीत धरून आखलेला असतो.

एलईडी बल्बमध्ये गुंडाळी नसते. एका पातळ पट्टीच्या दोन्ही अंगांना चपट्या चिप बसवलेल्या असतात. गुंडाळी चहूबाजूंनी प्रकाश देते, चिप फक्त समोर देते. पट्टी जाड असेल, चिप थोडी पुढंमागं असेल किंवा बल्ब होल्डरमध्ये जरा फिरून बसला असेल, तर कटऑफ रेघ फाटते. उरलेला प्रकाश वर उधळतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. माझ्या गाडीचं तेच झालं होतं. मागं उष्णता घालवायला छोटा पंखा असतो. दिव्याच्या मागं रबरी टोपण घातलेल्या बंद जागेत त्याला हवा मिळाली नाही, तर चिप तापते आणि प्रकाश आपोआप कमी होतो.

आणि लांबचं का दिसेना? त्या बल्बचा बराच प्रकाश गाडीच्या पुढच्या दहा-पंधरा मीटरांत पडत होता. जवळचा रस्ता लखलखला की डोळ्याची बाहुली आकसते आणि दूरच्या अंधुक गोष्टी टिपायची डोळ्याची ताकद कमी होते. माणसाला मात्र वाटत राहतं की मला आता छान दिसतंय. म्हणून दुकानासमोर उभं राहून दिव्याची पारख करू नये.

झेनॉनचे, म्हणजे एचआयडीचे किट यापेक्षा वाईट. त्यांच्या नळीत तार नसून वायूमध्ये ठिणगीचा कमानीसारखा झोत पेटतो, आणि तो पेटवायला क्षणभर वीस हजार व्होल्टहून जास्त दाब द्यावा लागतो. प्रकाश हॅलोजनच्या दुपटीहून अधिक, पण हॅलोजनसाठी आखलेल्या रिफ्लेक्टरमध्ये तो आवरत नाही. रात्री आपले डोळे दिपवणाऱ्या निळसर गाड्यांत असे किट बऱ्याचदा असतात.

भिंत, टेप आणि दहा मीटर

मिस्त्रींनी पहिल्यांदा बल्बला हातच लावला नाही. "सर, आधी भिंतीवर मारून बघू," म्हणाले.

टायरमध्ये बरोबर हवा भरली. गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून दहा मीटरवर सरळ उभी केली. ड्रायव्हरच्या सीटवर मी बसलो, कारण वजनानंही फरक पडतो. डॅशबोर्डवरची, झोत वर-खाली करणारी दिव्यांची चकती शून्यावर ठेवली. मग हेडलाइटच्या मध्याची उंची मोजून तेवढ्या उंचीवर भिंतीला चिकटपट्टी लावली, आणि तिच्या खाली दहा सेंटिमीटरवर दुसरी. एक दिवा क्षणभर पुठ्ठ्यानं झाकायचा आणि दुसऱ्याची रेघ बघायची. रेघेचा सपाट भाग खालच्या पट्टीवर यायला हवा आणि ती जिथून डावीकडं चढते तो कोपरा दिव्याच्या अगदी समोर. काही गाड्यांच्या हेडलाइटवर किंवा बोनेटखाली झुकाव टक्क्यांत छापलेला असतो. तो असेल तर तोच धरायचा.

माझ्या डाव्या दिव्याची रेघ वरच्या पट्टीच्याही वर होती. उजव्याची बावीस सेंटिमीटर खाली. दहा मीटरला बावीस सेंटिमीटर म्हणजे तो झोत जेमतेम ३० मीटरवर रस्त्याला टेकत होता. म्हणजे त्या रात्री उजव्या दिव्यानं मला ती ट्रॉली दाखवलीच नव्हती आणि डावा समोरच्यांना दिपवत होता. आदल्या वर्षी बंपरचं काम झालं होतं, तेव्हा डूम, म्हणजे अख्खा हेडलाइट, काढून परत बसवला होता. त्यानंतर रेघ कुणीच तपासली नव्हती, मीही नाही.

डूमच्या मागं दोन स्क्रू असतात, एक वर-खाली करणारा, एक डावी-उजवीकडं वळवणारा. स्क्रूड्रायव्हर घेऊन दहा मिनिटांत काम झालं. मजुरी मिस्त्रींनी घेतली नाही, मीच बळेबळे दिली. इतका फरक मला नंतरच्या कोणत्याही खर्चानं मिळाला नाही.

त्या डॅशबोर्डच्या चकतीबद्दल जरा जास्त सांगायला हवं. अनेक गाड्यांत ती असते आणि फार कमी जण ती वापरतात. समजा तासगावहून डिकीत बेदाण्याचे दहा बॉक्स घेतले आणि मागच्या सीटवर तिघं बसले. गाडीची मागची बाजू पाच सेंटिमीटर दबली. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर अडीच मीटर धरलं तर गाडी दर मीटरला दोन सेंटिमीटर वर तोंड करून उभी राहिली. झोत दर मीटरला एक सेंटिमीटर खाली जायला हवा होता, तो आता एक सेंटिमीटर वर जातो. पन्नास मीटरवर तो जमिनीपासून एक मीटर पंधरा सेंटिमीटरवर असतो. समोरच्या छोट्या गाडीतल्या ड्रायव्हरचे डोळे साधारण तेवढ्याच उंचीवर असतात. चकतीवरचा आकडा वाढवला की झोत खाली येतो. माल उतरवला की पुन्हा शून्य. नाहीतर रिकाम्या गाडीत तीनवर ठेवलेली चकती तुमचाच रस्ता अर्धा करून टाकते.

व्होल्टेज कुठं गळतं

दिवे नीट बसले तरी उजेड पिवळट, मेलेला वाटत होता. मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून, डिप्पर लावून बॅटरीवर मल्टिमीटर धरला. १४.१ व्होल्ट. मग पेटलेल्या बल्बच्या होल्डरपाशी धरला. ११.९. दोन व्होल्टपेक्षा जास्त दाब वाटेतच जात होता.

हॅलोजन बल्ब या बाबतीत फार नाजूक. व्होल्टेज दहा टक्के घटलं तर प्रकाश दहा नव्हे, जवळजवळ तीस टक्के घटतो. माझ्या बल्बला मिळायला हवा त्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त प्रकाश मिळत होता. कारण शोधायला वेळ लागला नाही. बॉडीला जोडलेल्या अर्थिंगच्या बोल्टखाली गंज होता आणि कप्लरच्या, म्हणजे वायर जोडायच्या प्लगच्या, पिनांवर हिरवा गंज. पिना घासून साफ केल्या, अर्थिंग पत्र्यापर्यंत खरवडून पुन्हा आवळलं. मग जुन्या गाडीला शोभेल असं रिले किट बसवलं. रिले म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्यात बल्बचा करंट बॅटरीतून फ्यूज आणि रिलेमार्गे थेट जाड वायरनं येतो, आणि स्टिअरिंगपाशी असलेल्या स्विचला फक्त रिलेला इशारा द्यायचं काम उरतं. पुन्हा मोजलं तेव्हा होल्डरवर १३.६ व्होल्ट होते. बल्ब तेच जुने.

नव्या गाड्यांत बहुतेकदा रिले आधीच असतो, आणि काहींत दिव्यांवर बॉडी कंट्रोल मॉड्यूलचं, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकाचं नियंत्रण असतं. तिथं मूळ वायर कापून जोडकाम करू नका. बिघाड महागात पडतो आणि वॉरंटीही नाकारली जाऊ शकते.

याच ठिकाणी ९०/१०० वॅटच्या बल्बचा मोह आवरायला सांगतो. मूळ एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा. साठ वॅटला बारा व्होल्टवर पाच अँपिअर करंट लागतो, शंभर वॅटला आठहून जास्त. दोन दिव्यांचे मिळून सतरा अँपिअरच्या आसपास. मूळ वायर आणि होल्डर एवढ्यासाठी बनवलेले नसतात. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरचा चंदेरी थर करपतो. फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकला की गाडीला आगीपासून वाचवणारी शेवटची गोष्टही गेली.

मग पैसे कशावर घालायचे?

काच पिवळी पडली असेल तर आधी तिच्यावर. हेडलाइटची ही काच खरं तर पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. त्यावरचा संरक्षक थर आपल्याकडच्या उन्हानं झिजतो आणि पृष्ठभाग धुरकट होतो. पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरनं, आधी १००० नंबर, मग २०००, मग ३०००, असं घासून बफिंग केलं की काच पुन्हा स्वच्छ होते. वर यूव्ही कोटिंग मारून घ्यायलाच हवं. ते नसेल तर काही महिन्यांत पुन्हा तेच. टूथपेस्टनं घासलेलं तर थोडे दिवसच टिकतं.

त्यानंतर ६०/५५ वॅटचेच, पण चांगल्या कंपनीचे नवे हॅलोजन, आणि दोन्ही एकाच वेळी. खोक्यावर जास्त प्रकाशाचा दावा असलेले बल्ब त्याच वॅटमध्ये मिळतात. त्यांची तार जास्त तापवलेली असते, म्हणून ते लवकर उडतात, हे धरून चाला. बसवताना काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलेली जागा जास्त तापते आणि बल्ब तडकतो.

याहून मोठी सुधारणा हवी असेल तर माझं मत स्पष्ट आहे. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटला कंपनी जो प्रोजेक्टर (भिंगातून झोत टाकणारा) किंवा एलईडी हेडलाइट देते, तो अख्खा डूम कंपनीकडून घ्या. त्यात प्रकाशाचा उगम, भिंग आणि रिफ्लेक्टर एकमेकांसाठी बनवलेले असतात. महाग असतो, पण अर्धवट गोष्ट पदरात पडत नाही. जर्मनीत २०२० पासून हॅलोजनच्या जागी बसणारे काही एलईडी बल्ब कायदेशीर झाले, तेही बल्ब आणि गाडी यांची जोडी चाचणीत उतरल्यावर, यादीतल्या मॉडेलपुरतेच. "सगळ्या गाड्यांना चालतो" असं लिहिलेल्या खोक्याकडं बघताना मला हे आठवतं.

कायदाही थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं ठरवलेल्या रचनेत मनमानी बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. टपावरचे लाइटबार यातच येतात.

पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटातून कासला किंवा पसरणी घाटातून पाचगणीला जाणारे फॉगलॅम्पबद्दल विचारतात. धुक्यात अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण डोळ्यांच्या रेषेतले थेंब प्रकाश आपल्याकडंच परत फेकतात. फॉगलॅम्प बंपरमध्ये खाली असतो, त्याचा झोत चपटा आणि रुंद असतो, म्हणून तो थेंबांच्या खालून रस्त्याची कड आणि पांढरी पट्टी दाखवतो. काम त्याच्या जागेमुळं होतं. तो हेडलाइटच्या वर बसवला तर उपयोग संपला. आणि तो लांबचं दाखवत नाही, त्यामुळं स्वच्छ हवेत हायवेवर तो लावून ठेवण्यात काही अर्थ नाही.

शेवटी डोळ्यांसमोरची काच. विंडशील्ड बाहेरून आपण रोज पुसतो, आतून सहा महिन्यांत एकदाही नाही. डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघणारी वाफ आणि श्वास यांचा एक तेलकट पापुद्रा आतून बसतो. समोरचा प्रत्येक दिवा त्यावर पसरतो. चष्म्यावरचे चरेही हेच करतात. पन्नाशीनंतर डोळा दिपल्यावर सावरायला जास्त वेळ लागतो, त्यामुळं वडीलधारी मंडळी "रात्री दिसत नाही रे" म्हणतात तेव्हा गाडीच्या दिव्यांआधी डोळ्यांची तपासणी करून घ्या.

सगळं झाल्यावर मिस्त्रींनी सांगितलेली एक चाचणी मी केली. रात्री गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर माझी गाडी डिप्पर लावून कडेला उभी केली, आत भावाला बसवलं, आणि मी त्याच्या गाडीतून समोरून आलो. शंभर मीटरवरून दोन स्वच्छ ठिपके दिसले. जवळ आलो तरी डोळे मिटावेसे वाटले नाहीत. गाडीच्या डाव्या अंगाला गवतात टेकवून ठेवलेली कुणाची तरी सायकल होती, ती मला माझ्याच गाडीच्या उजेडात पार मडगार्डपर्यंत दिसली. मग भावाला डिकीत वाळूची दोन पोती टाकायला सांगितली आणि पुन्हा आलो. या वेळी डोळे मिटले. चकती दोनवर नेल्यावर पुन्हा उघडले.